लंडनचा पब आणि कोमट बिअर

प्रश्न : पुढच्या महिन्यात मुलाकडे लंडनला चाललोय, तो म्हणतो बाबा तुम्हाला रिअल एल पाजतो. पण तिकडे बिअर कोमट देतात म्हणे? आणि मी शाकाहारी आहे, चालेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कोमट नाही हो, ११ ते १३ डिग्री, म्हणजे आपल्या माठातल्या पाण्यापेक्षा गारच, पण आपल्याला दात शिवशिवणाऱ्या बिअरची सवय त्यामुळे पहिला घोट विचित्र लागतो खरा. रिअल एल म्हणजे ही पारंपरिक ब्रिटिश बिअर पिंपातच शेवटपर्यंत आंबत असते, वरून गॅस मारत नाहीत, बारवाला हँडपंप ओढून तळघरातनं वर खेचतो. चेरिंग क्रॉस स्टेशनजवळचा 'द हार्प' हा पब बघा, चिंचोळा आहे, भिंतीवर जुनी पोर्ट्रेट्स, समोर रंगीत काचा. संध्याकाळी गर्दी फुटपाथवर येते म्हणून दुपारी जा. टेबलाशी वेटर येईल म्हणून बसून राहू नका (मी बसलो होतो, वीस मिनिटं!), काउंटरवर जायचं, तिथंच पैसे द्यायचे. पाइंट म्हणजे ५६८ मिली, तेव्हा आधी हाफ घ्या. चव बघायला थोडीशी मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात.

आता शाकाहाराचं. बिअर नितळ करायला बऱ्याच ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयझिंग्लास घालतात, ते गाळासोबत तळाशी बसतं, तरी तुम्हाला चालत नसेल तर 'व्हीगन आहे का' असं सरळ विचारा, तिकडे कुणी हसत नाही. गढूळ, अनफाइन्ड (म्हणजे नितळ करायला असं काही न घातलेली) एलही मिळते, ती घ्या.