ऑप्शनल निबंध तीन आहेत, लिहायचे किती?

इंदूरच्या सुदामा नगरमधून एका ताईंचं पत्र आलंय. लेक बारावीत, सीबीएसई, अमेरिकेतल्या सात कॉलेजांचे फॉर्म कॉमन ॲपवरून (एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट) भरतेय, मेन निबंध झालाय पण तीन कॉलेजांत ‘ऑप्शनल’ म्हणून आणखी एकेक निबंध आहे. बाबा म्हणतात सोड, प्री-बोर्डचा अभ्यास कर. न्यू जर्सीचा आतेभाऊ म्हणतो तिकडे ऑप्शनल असं काही नसतंच, सगळं लिही. शिवाय अकरावीत डेंग्यू झाला तेव्हा ९३ टक्क्यांवरून ७९ वर आली, ते कुठे सांगायचं हाही प्रश्न आहे.

ताई, मी आतेभावाच्या बाजूने आहे पण पूर्ण नाही. त्या तीन निबंधांत जो ‘आमचंच कॉलेज का’ विचारतो ना, तो लिहायचाच, तिथे ऑप्शनल हा शब्द नुसता शोभेला असतो असं समजा. गूगलवर कॉलेजचं नाव आणि पुढे ‘कॉमन डेटा सेट’ टाका, बहुतेक कॉलेजांची पीडीएफ मिळते, त्यात सी-७ नावाचा तक्ता असतो, कॉलेज मार्कांना किती महत्त्व देतं, निबंधाला किती, आणि मुलाने कॉलेजमध्ये दाखवलेल्या इंटरेस्टला किती, सगळं त्यात खुणा करून दिलेलं असतं. इंटरेस्टपुढे ‘महत्त्वाचं’ अशी खूण असेल आणि आपण निबंधच कोरा ठेवला तर काय दिसेल ते तुम्हीच बघा. पण लिहायचं म्हणजे ‘कॅम्पस सुंदर, रँकिंग वरचं’ हे नाही हं. वेबसाइटवर बसून कोणता कोर्स, कोणती लॅब, तिला तिथे नक्की काय करायचंय ते शोधावं लागतं. कॉलेजचं नाव बदललं की दुसरीकडेही खपेल असा निबंध असेल तर त्यापेक्षा झोप काढलेली बरी.

आता दुसरा, ‘तुमच्याबद्दल आणखी काही सांगा’वाला. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्येही असे ऑप्शनल प्रश्न असतात, २५० शब्दांचे. तुम्ही लिहिलंय की मेन निबंध कॉलनीतल्या कंपोस्टवर आहे आणि इथे इंदूरच्या स्वच्छतेवर लिहायचा विचार आहे. नको! २०१७पासून आपण स्वच्छ सर्वेक्षणात नंबर लावतोय, अभिमान आहेच, मलाही आहे, पण त्यांना शहराला ॲडमिशन द्यायची नाहीये, मुलीला द्यायचीय, आणि एकच गोष्ट दोनदा वाचायला लागली की वाचणाऱ्याला वाटतं हिच्याकडे एवढंच आहे. उलट पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की ती आजोबांबरोबर डायलिसिसला जाते, तिथेच बसून फिजिक्सचे प्रॉब्लेम सोडवते. अहो ताई, हे फॉर्ममध्ये कुठेच नाहीये! आधी ते ॲक्टिव्हिटीजमध्ये टाका, तिथे घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकारच दिलेला असतो, आपली मुलं तो बघतच नाहीत कारण आपल्याकडे याला कोणी ॲक्टिव्हिटी म्हणत नाही. आणि मग हा निबंध त्यावर लिहू दे, पण तिला स्वतःला सांगावंसं वाटलं तरच, आजोबांनाही विचारून. रडवायला लिहू नका. मशीनशेजारच्या खुर्चीत बसून ती काय बघते, काय विचार करते, तेवढं पुरे.

तिसऱ्या कॉलेजचा निबंध सोडा. तुम्ही पाठवलेला ड्राफ्ट म्हणजे ॲक्टिव्हिटीजचीच यादी वाक्यांत मांडलीय, त्याने नवीन काहीच कळत नाही.

डेंग्यूसाठी निबंध नकोच. कॉमन ॲपमध्ये अडचणी आणि परिस्थिती सांगायला २५० शब्दांचा वेगळा ऑप्शनल बॉक्स असतो, तिथे चार ओळी लिहा: कोणत्या महिन्यात झाला, किती दिवस शाळा बुडाली, कोणत्या परीक्षेवर परिणाम झाला आणि बारावीच्या सहामाहीत मार्क किती आले. बस. ‘माझ्या जिद्दीची कहाणी’ तिथे नको. त्याच्या शेजारी ॲडिशनल इन्फर्मेशनचा बॉक्स आहे, त्याची मर्यादा २०२५मध्ये ६५० वरून ३०० शब्दांवर आणलीय, यावरूनच कळतं की त्यांना तिथे पाल्हाळ नकोय. तुम्ही विचारलेली अबॅकसची आणि आठवीच्या ऑलिम्पियाडची सर्टिफिकेटं तिथे घालायची नाहीत, कृपा करून. ती फाइलमध्ये छान आहेत.

बाबांची काळजी चुकीची नाही, प्री-बोर्ड बुडवून काही करायचं नाही, कारण सहामाही आणि प्री-बोर्डचे मार्क शाळेकडून तिकडे जाऊ शकतात. म्हणून दोनच निबंध, रविवारी, आणि ते तिनेच लिहायचे, तुम्ही नाही आणि चॅटजीपीटीनेही नाही, एआयने लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. डेंग्यूच्या चार ओळी मात्र या आठवड्यातच शाळेच्या काउन्सेलर मॅडमना दाखवा म्हणजे त्याही आपल्या शिफारशीच्या लेटरमध्ये एक वाक्य टाकतील, डिसेंबरच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली की लेटर अपलोड करायला कोणी सापडत नाही.