गोठ्यातली आरएक्स आणि डोंगराची ओढ

प्रश्न: काकांची १९९२ ची यामाहा आरएक्स १०० बारा वर्षं गोठ्यात उभीये. तिची यामाहाच्याच जुन्या डीटी-१ सारखी डोंगरात चालणारी गाडी करायचीये. आधी किक मारून बघू का?
– एक वाचक, कोरेगाव (सातारा)

उत्तर: भावा, किक अजिबात मारू नको! इतकी वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असू शकतात, जोर लावलास तर ओरखडे पडतात. स्पार्क प्लग काढ, त्या भोकातून थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑईल सोड, दोन दिवस राहू दे, मग इंजिन हातानं हळू फिरव. आणि क्रँकचे (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचे) ऑईल सील, म्हणजे रबरी कडी, बदलच, लोक टाकीच्या रंगावर पैसे घालतात आणि हे विसरतात, तुझ्या आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमधे सील वाळलं की तिथून नुसती हवा आत खेचली जाते, पेट्रोल-ऑईल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि ऐन चढावर जाम होतो.

डीटी-१ १९६८ ला आली, अडीचशे सीसीची, कच्च्या रस्त्यासाठीच बनवलेली. तुझी ९८ सीसी, रस्त्याची. त्यामुळे खडबडीत टायर, रुंद हँडल, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जरा मोठं, एवढंच कर. सायलेन्सर कापू नको, त्याच्या आतल्या आकारामुळंच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण सिलिंडरात परत ढकललं जातं, कापलास की आवाज वाढतो आणि ताकद जाते. चेसिसलाही हात लावू नको, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मधे सांगितलंय.

कासच्या पठारावर मात्र चाक घालू नकोस, फुलं चिरडतात.

आरसी बुक आधी शोध, १५ वर्षं झाल्यावर नोंदणी रिन्यू करावी लागते.