गिझर, बल्ब आणि पंप : व्होल्टेज-करंटचं गणित कुठे चुकतं?

प्रश्न : आमच्या गिझरवर ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ असं छापलंय. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. वायरमन म्हणतात, व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो. २००० ला १८० ने भागलं तर ११.१ अँपिअर येतात. वायर तापेल का? बिल वाढेल का?

उत्तर : दोन्ही नाही. तुम्ही भाजक बदललात, पण भाज्य तेच ठेवलंत. २००० वॅट हा आकडा फक्त २३० व्होल्टला खरा असतो. गिझरच्या एलिमेंटमध्ये (पाणी तापवणाऱ्या कॉइलमध्ये) जवळपास कायम राहतो तो रोध (रेझिस्टन्स), म्हणून आधी तो काढायचा. २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर, आणि २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४ ओहम. आता १८० व्होल्टला करंट होतो १८० ÷ २६.४ = ६.८ अँपिअर आणि पॉवर १८० × ६.८ = सुमारे १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्के उतरलं, पण पॉवर ३९ टक्के पडली. कारण रोध तोच असेल तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

वेळ मात्र जास्त लागेल. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. २३० व्होल्टला हे काम २१ मिनिटांत होतं, १८० ला ३४ मिनिटांत. युनिट जवळपास तेवढंच. जास्तीच्या वेळात टाकीतून थोडी उष्णता निसटते, एवढाच काय तो फरक.

रोध प्रत्यक्ष तपासायचा असेल तर मेन स्विच बंद करून प्लग काढा, एलिमेंटच्या एका टोकाची वायर सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जो अर्धा-पाव ओहम दिसतो, तो वजा करा. २६ च्या आसपास आकडा आला तर एलिमेंट ठीक. ‘१’ किंवा ‘ओएल’ दिसलं तर तुटलंय. प्लगच्या पिनांवर मोजायचा आळस करू नका. पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅटने सर्किट तोडलेलं असतं, आणि धडधाकट एलिमेंट ‘जळालं’ म्हणून बदललं जातं. एलिमेंटच्या टोकापासून गिझरच्या बॉडीपर्यंत काही ओहम किंवा किलोओहम दिसले तर गिझर लगेच वापरातून काढा.

प्रश्न : जुन्या १०० वॅटच्या बल्बचा रोध मल्टिमीटरवर ४० ओहम दिसतो. २३० चा वर्ग भागिले ४० केलं तर १३०० वॅट येतात. मीटर बिघडलाय का?

उत्तर : मीटर ठीक आहे, बल्ब गार आहे. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध ५२९ ओहमपर्यंत चढतो. त्यामुळे चालू बल्बचं व्होल्टेज आणि करंट (सुमारे ०.४३ अँपिअर) यांवरूनच हिशेब करायचा. असे बल्ब बहुधा बटण दाबतानाच का उडतात, याचं उत्तरही त्या ४० ओहममध्ये आहे : गार तारेचा रोध कमी, म्हणून पहिल्या क्षणी करंट कितीतरी जास्त. एलईडी बल्बवर हा प्रयोग करू नका. आत ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट) असतो, ओहमच्या आकड्याला तिथे अर्थ नाही.

प्रश्न : विहिरीवर सिंगल फेजचा १ एचपी पंप आहे. बोर्डापासून अंतर ६० मीटर, वायर दीड स्क्वेअर एमएम तांब्याची. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) ६.५ अँपिअर दाखवतो, म्हणजे जवळजवळ १५०० वॅट. १ एचपी तर ७४६ वॅट! शिवाय संध्याकाळी २०० व्होल्ट असताना पंप नुसता घुमतो, उचलत नाही.

उत्तर : २३० × ६.५ = १४९५ हे व्होल्ट-अँपिअर झाले. मोटरला पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, त्या हिश्श्याने) गुणावं लागतं. तो ०.८ धरला तर सुमारे १२०० वॅट, आणि घरचा मीटर तेवढेच मोजतो. ७४६ वॅट ही शाफ्टवर मिळणारी ताकद. मधले साडेचारशे मोटर तापण्यात आणि घर्षणात जातात. लहान मोटरींचं हे असंच असतं.

घुमण्याचं कारण बहुधा वायर. दीड एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे १.४५ ओहम. चालू पंपाला ९ व्होल्ट कमी मिळतात, ते खपून जातं. पण सुरू होताना करंट पाचपट धरला तर ३२ अँपिअरला ढोबळमानाने ४७ व्होल्ट वायरमध्येच जिरतात. २०० मधून मोटरपर्यंत पोचतात १५३, आणि वर्गाच्या हिशेबाने सुरुवातीचा जोर निम्म्याहून कमी उरतो. चार एमएम वायर टाकली तर ही घट १८ व्होल्टवर येते. वायरमनचं ‘करंट वाढतो’ हे म्हणणं इथे मात्र खरं आहे : पाण्याचा भार तोच असतो, मोटर जास्त करंट ओढते आणि वायंडिंग तापतं. घुमणारा पंप दोन-तीन सेकंदांत बंद करा.

करंट मोजताना क्लॅम्प एकाच वायरीभोवती हवा. फेज-न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर शून्य दिसतं. साध्या मल्टिमीटरचे प्रोब १० अँपिअरच्या खाचेत ठेवून सॉकेटमध्ये घालणं म्हणजे थेट शॉर्ट सर्किट. आणि २३० व्होल्ट असतानाही पंप घुमत असेल तर वायर बदलण्याआधी कंडेन्सर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर) तपासा. वीज बंद करून त्याची दोन्ही टोकं काही किलोओहमच्या, ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मगच हात लावा. मोजलेले मायक्रोफॅरड छापील आकड्यापेक्षा फारच कमी असतील तर त्याच मापाचा नवा बसवा.