लेबलवर नको, ढोलकऱ्यावर कान ठेव

जुन्या बाजारात मिळालेल्या, रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या कॅसेटवर '1967, लंडन' लिहिलंय म्हणून लगेच यादीत तसं नोंदवू नकोस. बूटलेगचं (परवानगीशिवाय काढलेल्या रेकॉर्डिंगचं) लेबल म्हणजे विकणाऱ्याचा शब्द, पुरावा नव्हे.

गिटार सगळ्यांना आधी ऐकू येते, पण तू आधी ड्रम ऐक. 1967 चा त्याचा ड्रमर मिच मिचेल सतत घरंगळत, जॅझच्या अंगाने वाजवतो. नंतरचा ड्रमर बडी माइल्स, त्याचा ठोका जड आणि सरळ, शिवाय तो स्वतः गातोही. बडी ऐकू आला आणि सोबत बिली कॉक्सचा बेस असला, तर 1967 विसर. 1969 च्या डिसेंबरअखेरचे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातले कार्यक्रम आधी तपास. गिटारचा आवाज युनि-व्हाइब या इफेक्टच्या यंत्रामुळे भोवऱ्यासारखा फिरत असेल, तरीही 1969 च्या आधी जाऊ नकोस.

मग सूर बघ. हेंड्रिक्स मंचावर बहुतेकदा गिटार अर्धा स्वर खाली लावायचा. तुझ्या ट्यूनरवर सगळं नेहमीच्या पट्टीत आलं आणि गाण्यांमधलं त्याचं बोलणंही पातळ, घाईचं वाटलं, तर टेप सुमारे 6 टक्के जास्त वेगाने चालतेय. आधी वेग दुरुस्त कर, मगच तुलना.

तुलनेत मला सर्वांत भरवशाची वाटते ती गाण्यांमधली जागा: तार जुळवणं, टाळ्या, माइकजवळच्या कुणाची आरोळी. सोलो दोन रात्री सारखा भासू शकतो; पण तीच आरोळी त्याच क्षणी दोन टेपवर आली, तर कार्यक्रम एकच, तारखा काहीही छापलेल्या असोत.

आणि मूळ लेबल खोडू नकोस. शेजारी पेन्सिलीने तुझा अंदाज आणि त्याचं कारण लिही.