अपघातानंतरची धास्ती : उपचार नुकतेच सुरू करणाऱ्या ताईंस

ताई, ट्रकचा हॉर्न ऐकताच छातीत धडधडणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडची धडधाकट माणसेही छताखाली झोपायला धजत नव्हती. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तेथे मराठीतून, मोफत आणि रात्री-अपरात्रीही सल्ला मिळतो. धास्ती उसळली की दोन्ही तळवे थंड शहाबादी फरशीवर टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्या आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्या. अपघाताचा रस्ता कायमचा टाळू नका, कारण टाळल्याने भीती मुरते. मात्र तेथे परत जाणे समुपदेशकांच्या मार्गदर्शनाखाली, टप्प्याटप्प्यानेच व्हावे. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.