पेवाचं तोंड

"मॅडम, कमी कशाचीच नाही बघा. मग आनंद का होत नाही?"

गेल्या वर्षभरात हे इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं 'कमी' म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे विचारणारे बहुतेक जण खाऊनपिऊन सुखी. ज्यांच्या घरात खरंच काही मोडलेलं असतं ते असलं विचारत नाहीत. ते रडतात, नाहीतर भांडतात.

त्यातल्याच एकांना अण्णा म्हणू. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत. पन्नाशीचे, हळदीचे अडते. भाच्यानं सुचवलं म्हणून रोज रात्री वहीत स्वतःच्या मूडला दहापैकी मार्क द्यायचे. सोमवार साडेपाच, मंगळवार पाच, बुधवार पावणेपाच.

"बाजार उतरतोय की," मी म्हणाले.

हसले, आणि पुन्हा वहीत बघून गंभीर झाले.

समुपदेशनात मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मराठीत जास्तच शोभते, कारण आपल्याकडे दुखण्याचं मूळ एका अक्षरात सापडतं, 'च'. आनंद व्हावा ही इच्छा. झालाच पाहिजे हा हुकूम. अण्णांना हे दोन बैठकांत कळलं, वळलं मात्र नाही. वही घरी ठेवून आयर्विन पुलावर फिरून या म्हटलं, तर पुढच्या वेळी तक्रार घेऊन हजर. "पुलाच्या मधोमध थांबलो. नदीकडं बघितलं, होतोय का आनंद म्हणून. नाही झाला."

पाचव्या बैठकीत मी उपदेश गुंडाळला आणि हरिपूरच्या पेवांबद्दल, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांबद्दल, विचारलं. आवाजच बदलला त्यांचा.

"आजोबांची दोन होती की! तोंड एवढंसं, आत माणूस उतरंल एवढं खोल. हळद भरायची, तोंडावर फरशी, वर माती. कीड लागायची नाही."

"आणि मधेच बघावंसं वाटलं तर?"

"बघायचं कशाला? उघडलं की हवा शिरती. मग माल बाहेरच काढाय लागतोय."

बोलता बोलता थांबले. टेबलावरची वही दोन बोटांनी मिटली. पंख्याचा आवाज तेवढा चालू होता. मीही गप्प राहिले. असं गप्प राहता येणं ही माझी इतक्या वर्षांची कमाई आहे, असं मी मानते.

"म्हणजे मी रोज रात्री फरशी उचलतोय."

त्या संध्याकाळी घरी जाताना मला माझंच हसू आलं. दर बैठकीला "या आठवड्यात कसं वाटलं?" असं विचारून सुरुवात करणारी मीच होते. फरशीला दुसरा हात माझाच.

मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांच्या 2011 मधल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. आनंदाला फार महत्त्व देणारी माणसं नेमकी सगळं सुरळीत असताना कमी आनंदी निघाली. संकटात असलेला माणूस स्वतःला जाब विचारत नाही. सुखातला विचारतो, कारण त्याच्याकडं सबब नसते. म्हणून मी आता येणाऱ्यांना सांगते, सहलीत, लग्नात, दिवाळीत 'मजा येतेय ना?' ही झडती बंद करा. स्टेटसला फोटो टाका हवं तर, पण तो टाकल्यावर कसं वाटलं हे मोजू नका. त्यापेक्षा आज कुणाला फोन करायचा राहिलाय ते बघा, हात कशात तरी गुंतवा. मात्र दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच जीव रमत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील तर पेवाच्या गोष्टी ऐकत बसू नका. सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडं जा.

अण्णा दोन महिन्यांनी आले. वही नव्हती, भडंगाचा पुडा होता, घरचा. लसूण आधी तळायचा की शेंगदाणे यावरून बहिणीशी झालेलं भांडण त्यांनी वीस मिनिटं रंगवून सांगितलं. "मग, आता कसं वाटतंय?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी भडंगाचा बकाणा भरला.