क्लच दाबूनही तीनचाकी ट्राइक पुढे ओढते, न्यूट्रल पडत नाही, काय तपासू?

कराडकडच्या उसाच्या रानात बाईकच्या इंजिनावर बनवलेली ट्राइक, नव्या क्लच प्लेटा टाकूनही क्लच पूर्ण सुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. लगेच इंजिन खोलू नका.

आधी केबल. लिव्हरच्या मुळाशी २-३ मिमी ढिलाई पुरे. ट्राइकमध्ये केबल चेसिसला वळसे घालून आणलेली असते, मग लिव्हरचा निम्मा जोर आवरण दबण्यातच जातो. कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि इंजिनावरचा आर्म (केबल ज्याला ओढते तो छोटा दांडा) किती हलतो ते स्वतः बघा. जेमतेम हलत असेल तर दुखणं तिथंच आहे.

फक्त सकाळी थंड इंजिनावर ओढते? मग ऑइल जाड आहे किंवा नव्या प्लेटा ऑइलमध्ये न भिजवता बसवल्यात.

एवढं करूनही तेच, तर मग क्लचचं कव्हर काढा. मी दोनदा प्लेटा बदलून पैसे घातले, दोष निघाला क्लच हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) बोटांवर झिजून पडलेल्या खाचांचा. प्लेटांचे कान (कडेचे बाहेर आलेले दाते) त्यात अडकतात, सुटे होत नाहीत. उथळ खाचा बारीक कानशीने साफ होतात. खोल असतील तर हाउसिंगच बदला. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का तेही बघा.

आणि जॅकवर चाकं अधांतरी हळू फिरली तर घाबरू नका. ब्रेक लावताच इंजिन न गुदमरता थांबली, तर तो नुसता ऑइलचा चिकटपणा.